प्रवेश तीन ठिकाणी, जायचं एकीकडे

पूर्वी बारावीचा निकाल लागला, गल्लीत पेढे वाटून झाले, की आईचं काम संपायचं. आता पेढ्यांचा खोका रिकामा झाल्यावर खरं काम सुरू होतं. मे महिन्यात बोर्डाचा निकाल, जूनमध्ये सीईटीचा, आणि मग जुलै-ऑगस्टपर्यंत नुसत्या याद्या, फेऱ्या आणि मोबाईलवर येणारे मेसेज. लोणच्याच्या बरण्यांना दादरे बांधून झालेले असतात, बाहेर पंचगंगेला पाणी चढत असतं, आणि घरात पानं वाढली की एकच विषय: कुठं घालायचं?

गडहिंग्लजच्या एका भगिनीचं पत्र समोर आहे. त्या लिहितात, “लोकांच्या घरी प्रवेश मिळत नाही म्हणून रडारड असते. आमच्याकडं तीन ठिकाणी मिळतोय, म्हणून कुणी कुणाशी बोलेना झालंय.” वाचून हसू आलं आणि वाईटही वाटलं. कारण गेल्याच वर्षी, म्हणजे २०२५ साली, आमच्या घरात अगदी हेच चाललं होतं. मी काही शिक्षणतज्ज्ञ नव्हे. बी.ए. झालेली, तासिका तत्त्वावर मराठी शिकवणारी आणि उरलेल्या वेळात घर सांभाळणारी बाई. पण शाळेत पोरांमध्ये वावरते, आणि घरात थोरल्या जाऊबाईंच्या लेकीचा हा सगळा प्रवास डोळ्यांसमोर झाला, तेवढ्या अधिकारावर लिहिते.

पुतणीपुढं वाटा तीन होत्या. पुण्याच्या एका खाजगी विद्यापीठाचं पत्र सगळ्यात आधी आलं, तेही जाड, गुळगुळीत कागदावर. कॉम्प्युटर इंजिनिअरिंगला निवड झाल्याबद्दल अभिनंदन, आणि खाली बारीक अक्षरात, शुक्रवारपर्यंत पन्नास हजार भरले नाहीत तर जागा दुसऱ्याला. दुसरी वाट सरकारी केंद्रीभूत प्रवेशाची, ज्याला पोरं ‘कॅप’ म्हणतात. त्यात सांगलीचं वालचंद किंवा इथलंच एखादं इंजिनिअरिंग कॉलेज मिळण्यासारखं होतं. आणि तिसरी, काही नाहीच जमलं तर राजाराम कॉलेजला बी.एस्सी., घरापासून बसने वीस मिनिटं.

थोरल्या दिरांचा जीव कॉम्प्युटरवर. जाऊबाईंचा जीव पोरगी डोळ्यांपुढं राहण्यावर. सासूबाईंनी तर एका वाक्यात निकाल दिला, “पोरीची जात, लांब कशाला धाडताय? हितं काय कॉलेजं न्हाईत?” आणि पोरगी? पोरगी गप्प. विचारलं की म्हणायची, “तुम्ही ठरवा.”

मैत्रिणींनो, हे ‘तुम्ही ठरवा’ फार फसवं असतं बरं का. पुष्कळ आयांना वाटतं, किती गुणी मूल, सगळं आपल्यावर सोडतंय. तसं नसतं. सतरा-अठरा वर्षांचं मूल तेव्हाच असं बोलतं, जेव्हा आपलं मत सांगून उपयोग नाही असं त्याला वाटतं, किंवा उद्या बिघडलं तर आपल्या माथी नको असं वाटतं. समोर बसवून, “बोल, तुला काय पाहिजे?” असं दरडावलं तर ते आणखी मिटतं. वर्गातही माझा हाच अनुभव आहे, फळ्याजवळ उभं केलेलं मूल बोलत नाही, पण वह्या उचलून माझ्याबरोबर स्टाफरूमपर्यंत येणारं मूल सगळं सांगतं. हात कामात असले आणि नजरेला नजर नसली की तोंड उघडतं. म्हणून मी तिला घेऊन रंकाळ्यावर गेले. भेळेचा कागद हातात, तोंडं पाण्याकडं. अर्ध्या भेळेनंतर ती म्हणाली, “काकू, मी इलेक्ट्रिकल घेतो म्हटलं तर बाबा ओरडतील.” (कोल्हापूरच्या पोरी ‘घेतो, जातो’ असंच बोलतात, बाहेरगावच्या वाचकांनी ही छपाईची चूक समजू नये.)

मग एकेक बाहेर पडलं. शेतातल्या मोटारीचा स्टार्टर बिघडला की वायरमनच्या शेजारी ही बसून असायची, हे आम्ही सगळ्यांनी पाहिलं होतं, पण त्याचा संबंध कॉलेजशी कुणी लावला नव्हता. कॉम्प्युटर तिला वाईट वाटत नव्हतं. पण पुण्याला एवढा पैसा घालून आपण मागं पडलो तर धाकट्या भावाच्या शिक्षणाचं काय, ही भीती ती महिनाभर एकटीच वागवत होती. आपण पोरांसमोर पैशाचं बोलत नाही आणि समजतो, त्यांना काही कळत नाही. भिंतीपलीकडची कुजबुज त्यांना आपल्यापेक्षा नीट ऐकू येते.

तेव्हा पहिलं सांगणं हे की पैशाचा हिशोब मुलाला बरोबर घेऊन, उघड, वहीत करा. आम्ही शाळेची एक कोरी वही घेतली. पुण्याच्या विद्यापीठाची फी वर्षाला २ लाख ८० हजार, खोली आणि मेस १ लाख २० हजार. म्हणजे वर्षाला ४ लाख आणि चार वर्षांचे १६ लाख, तेही फी वाढली नाही तर. हा आकडा कागदावर उतरल्यावर दिरांनी चष्मा काढून ठेवला. तोवर घरात ‘दोन-अडीच लाख काय, होईल कसंही’ असंच बोललं जात होतं, कारण जाहिरातीतला आकडा एका वर्षाचा असतो आणि आपण तोच डोक्यात धरून बसतो. जाऊबाई तर पाटल्या मोडायच्या गोष्टी करू लागल्या होत्या.

इथं एक माहिती प्रत्येक मुलीच्या आईला असलीच पाहिजे. महाराष्ट्र सरकारने ८ जुलै २०२४ ला निर्णय काढला आणि २०२४-२५ पासून तो लागू झाला. आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक, सामाजिक व शैक्षणिक मागास वर्ग आणि इतर मागास वर्ग, यांतल्या ज्या मुलींच्या कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ८ लाखांपर्यंत आहे, त्यांना व्यावसायिक अभ्यासक्रमाचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ. पूर्वी निम्मं मिळायचं. पण यात दोन मेखा आहेत. एक म्हणजे प्रवेश केंद्रीभूत पद्धतीनेच झालेला हवा. व्यवस्थापनाच्या कोट्यातून घेतलेल्या जागेला ही सवलत नाही. आणि दुसरी, खाजगी अभिमत विद्यापीठं व स्वयंअर्थसहाय्यित विद्यापीठं यातून वगळलेली आहेत. म्हणजे तीच मुलगी, तेच उत्पन्न, पण एका दारातून आत गेली तर शिक्षण शुल्क शून्य आणि दुसऱ्या दारातून गेली तर सगळं पदरचं. ‘मुलींना शिक्षण फुकट झालंय ना’ असं ऐकीव धरून कुणी खाजगी विद्यापीठात पैसे भरून बसू नका. माफी झाली तरी विकास शुल्क, वसतिगृह, पुस्तकं राहतातच, आणि महाडीबीटीच्या संकेतस्थळावर अर्ज दर वर्षी भरावा लागतो. एका वर्षी विसरलं तर त्या वर्षाची माफी हातची जाते.

अनुसूचित जाती-जमातींच्या मुलांसाठी भारत सरकारची शिष्यवृत्ती आणि फीमाफी वेगळी आहे. मुलगे असतील तर राजर्षी शाहू महाराजांच्या नावाची शुल्क शिष्यवृत्ती आणि वसतिगृहात राहणाऱ्यांसाठी डॉ. पंजाबराव देशमुख निर्वाह भत्ता, या योजना पाहून घ्या. आणि कर्ज काढायचंच झालं तर साडेसात लाखांपर्यंत शैक्षणिक कर्जाला सहसा तारण मागत नाहीत, हप्ते शिक्षण संपल्यावर साधारण वर्षाने सुरू होतात. म्हणजे पाटल्यांना हात लावायच्या आधी बँकेची पायरी चढून यायला हरकत नाही.

आता ते ‘शुक्रवारपर्यंत भरा’. भाजीवाला जसा, “घ्या ताई, शेवटची जुडी आहे” म्हणतो, तशातलाच हा प्रकार. सरकारी यादी लागायच्या आत पैसे अडकवून घ्यायचे, म्हणजे पुढं चांगलं मिळालं तरी माणूस भरलेल्या पैशाच्या मोहाने तिथंच राहतो. घाबरून पैसे भरू नका, आणि भरले असलेच तर ते बुडाले असंही समजू नका. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१८ साली फी परतीचे नियम ठरवून दिले आहेत. प्रवेशाच्या जाहीर केलेल्या शेवटच्या तारखेच्या १५ दिवस किंवा त्याहून आधी नाव काढलं तर पूर्ण फी परत मिळते, फक्त प्रक्रियेपोटी जास्तीत जास्त ५ हजार कापता येतात. शेवटच्या १५ दिवसांत काढलं तर ९० टक्के, तारीख उलटून १५ दिवसांपर्यंत ८० टक्के, त्यापुढं ३० व्या दिवसापर्यंत ५० टक्के. त्यानंतर काही नाही. मात्र ती ‘शेवटची तारीख’ कोणती, हे पैसे भरतानाच लेखी मागून घ्या. तोंडी सांगतात ती तारीख आणि कागदावरची तारीख यांची भेट होईलच असं नाही.

आम्ही पैसे भरले नाहीत. शुक्रवार गेला. त्या दोन रात्री घरात कुणाला धड झोप नव्हती हेही खरं. दिरांच्या मनात एकच, हातातलं सोडून पळत्याच्या मागं लागलोय का?

यापुढचा भाग थोडा किचकट आहे, पण सगळ्यात महत्त्वाचा आहे, म्हणून चहा घेऊन बसा. कॅपमध्ये एका वेळी हातात एकच जागा येते. म्हणजे तीन कॉलेजांची नावं समोर ठेवून निवांत निवडायचं, असं तिथं होत नाही. निवड आधीच करायची असते, पसंतीक्रमाच्या अर्जात. त्यात तीनशेपर्यंत पर्याय भरता येतात, आणि संगणक वरून खाली येत जातो. गुणांप्रमाणे जो पहिला बसेल तो देऊन थांबतो. म्हणून त्या अर्जातला वर-खालीपणा हाच तुमचा निर्णय. आणि हा अर्ज आपल्याकडं भरतो कोण? तर नेट कॅफेवाला! “तुम्ही नका काळजी करू मावशी, मी गेल्या वर्षी चाळीस पोरांचे भरलेत.” त्याला गेल्या वर्षीच्या कट-ऑफची यादी पाठ असेल, पण तुमच्या पोरीला स्टार्टर उघडायला आवडतो हे त्याला कुठून माहीत?

घरी बसा. वहीच्या कागदाच्या चिठ्ठ्या करा, एका चिठ्ठीवर एक कॉलेज आणि एक शाखा. सतरंजीवर पसरा आणि मुलालाच लावू द्या, वर काय, खाली काय. आमच्या पुतणीने वालचंदचं कॉम्प्युटर पहिलं ठेवलं, बापाच्या शब्दाखातर, आणि मिळणार नाही हे तिलाही ठाऊक होतं. दुसरं वालचंदचंच इलेक्ट्रिकल. त्याच्या खाली इथल्या कॉलेजांचं कॉम्प्युटर. वाद झाला तो या दुसऱ्या-तिसऱ्या चिठ्ठीवर. दिरांनी दोनदा चिठ्ठ्या बदलल्या, तिने दोनदा पुन्हा लावल्या. तोंडाने एक शब्द नाही! तिसऱ्यांदा जाऊबाईंनीच दिरांचा हात धरला आणि म्हणाल्या, “राहू द्या की आता. तिला शिकायचंय.” सतरा वर्षांत जाऊबाईंनी नवऱ्याला असं चारचौघांत अडवलेलं मी प्रथमच पाहिलं.

पहिल्या फेरीत मिळालं इथलंच कॉम्प्युटर. ही जागा धरून ठेवून पुढच्या फेरीत वरचं मिळतं का पाहायचं, अशी सोय असते. पण लक्षात ठेवा, वरचं मिळालं की खालची जागा आपोआप जाते. परत मागता येत नाही. शिवाय २०२५ पासून नियम कडक झाले. पहिल्या फेरीत पहिली पसंती मिळाली तर ती घ्यावीच लागते, दुसऱ्या फेरीत पहिल्या तीनपैकी कुठलीही, तिसऱ्या फेरीत पहिल्या सहापैकी. नाही घेतली तर पुढच्या फेऱ्यांचं दार बंद. म्हणून ‘भरून तर ठेवू, बघू नंतर’ म्हणून नको असलेलं नाव वरच्या तिनात कधी घालू नका. नियम दर वर्षी थोडे हलतात, तेव्हा त्या वर्षीची माहिती पुस्तिका सीईटी कक्षाच्या संकेतस्थळावरून उतरवून घेऊन स्वतः वाचा. भाषा रुक्ष आहे, पण आपण रेशनकार्डाचे अर्ज भरलेल्या बायका, एवढ्याने काय होतंय!

दुसऱ्या फेरीत तिला वालचंदचं इलेक्ट्रिकल लागलं. आणि दिर तीन दिवस कुणाशी बोलले नाहीत.

मध्यंतरी आम्ही कॉलेजं बघून आलो होतो, त्याविषयी थोडं. कॉलेज बघायचं तर एरवीच्या दिवशी बघावं, स्वागताला तोरणं लावलेली असतात त्या दिवशी नव्हे. माहितीपत्रकात ‘सर्वोच्च पॅकेज’ मोठ्या अक्षरात असतं. ते एका पोराचं असतं. वर्गात मधोमध बसणाऱ्या पोराला काय मिळालं, ते विचारा. एनआयआरएफ या सरकारी क्रमवारीसाठी भाग घेणारी कॉलेजं जी आकडेवारी देतात, तिच्यात किती मुलं पास झाली, किती नोकरीला लागली आणि त्यांचा मध्यम पगार किती, हे असतं, आणि ती कॉलेजच्या संकेतस्थळावर पाहायला मिळते. नॅकची श्रेणी आख्ख्या कॉलेजची असते, एनबीएची मान्यता एकेका शाखेची. म्हणजे कॉलेजला ‘ए’ असून आपल्या शाखेला एनबीए नाही, असं होऊ शकतं. विचारायला लाजू नये. खाजगी कॉलेजांची फी शुल्क नियामक प्राधिकरण ठरवून देतं आणि ती जाहीर असते. खिडकीवर वेगळा आकडा सांगितला तर तिथल्या तिथं पावती मागायची.

पण खरी माहिती कँटीनमध्ये मिळते. दुसऱ्या वर्षाच्या मुलींच्या टेबलापाशी जाऊन बसा. सर तासाला येतात का, प्रयोगशाळेतली यंत्रं चालतात की नुसती पुसून ठेवलीत, त्या दोन मिनिटांत सांगतात. आणि वसतिगृह बघताना आपलं डोकं वापरा, तिथं पुरुषमंडळी नुसती इमारत बघून ‘चांगली आहे’ म्हणतात. मोरी बघा. पाणी किती वाजता येतं आणि किती वाजता जातं, रात्री आजारी पडली तर कोण नेतं, फाटक किती वाजता बंद होतं, रेक्टरबाई तिथंच राहतात का. एका ठिकाणी मला सगळं चकचकीत दाखवलं आणि संडासाचं दार आतून लागत नव्हतं.

मुलगी लांब ठेवायची म्हटलं की आईच्या पोटात जो गोळा येतो, तो मी हलका लेखत नाही. जाऊबाई रात्री भांडी लावता लावता म्हणायच्या, “तिला ताप आला तर कपाळावर हात कोण ठेवणार?” याला उत्तर नाही. पण आपण कोल्हापूरच्या बायका. ज्या गावात शाहू महाराजांनी १९०१ साली मराठा विद्यार्थ्यांचं बोर्डिंग काढलं, पुढं जैन, मुस्लिम, लिंगायत, अस्पृश्य मानल्या गेलेल्या समाजाच्या मुलांसाठी एकामागून एक वसतिगृहं उभी केली, त्या गावाला परक्या गावात राहून शिकण्याचं भय वाटावं? तेव्हा खेड्यातून आलेल्या त्या पोरांच्या आयांनी काय काळीज केलं असेल! आणि १९१८ मध्ये महाराजांचे धाकटे चिरंजीव गेले, तेव्हा कोवळ्या वयात विधवा झालेल्या सूनबाई इंदुमतीदेवींना त्यांनी वाड्याबाहेर, सोनतळीला ठेवून शिकवलं. राजघराण्यातली विधवा सून, तो काळ, आणि घरातूनही विरोध. आपल्या पोरी तर पन्नास किलोमीटरवर सांगलीला निघाल्यात, आणि मार्च २०२३ पासून एस.टी.त बायकांना तिकीटही अर्धं आहे.

नातेवाइकांकडं ठेवण्याचा विचार मात्र दहादा करा. ‘पुण्याला आत्या आहे की’ असं म्हणणं सोपं. चार वर्षं दोन खोल्यांच्या घरात एक जास्तीचं माणूस, म्हणजे आत्याच्या घरचं माणूस नि आपलं माणूस दोघंही अवघडतात, आणि मुलगी अभ्यास सोडून भाकऱ्या थापते.

याचा अर्थ लांबचं ते चांगलं असा नव्हे. आमच्या गल्लीतल्या एका मुलाने पुण्याचं इंजिनिअरिंग सोडून इथल्या कृषी महाविद्यालयात प्रवेश घेतला. घरची चार एकर जमीन, वडील थकलेले, आणि त्याला मातीत रस. गल्लीने महिनाभर हळहळून घेतलं. तो खुशाल आहे. माझ्या एका विद्यार्थिनीच्या आईचं डायलिसिस आठवड्यातून दोनदा असतं. तिने विवेकानंदला बी.एस्सी. धरली आणि उरलेल्या वेळात स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करते. तिला कुणी ‘बिचारी’ म्हटलं की ती चिडते, आणि बरोबरच चिडते. घरची अडचण ही सुद्धा निवडीची एक खरी बाजू आहे. फक्त ती मुलाला सांगून, त्याच्याशी बोलून मोजावी, गपचूप त्याच्या पारड्यात टाकू नये. मला स्वतःला बी.ए.ला घातलं कारण कॉलेज घराजवळ होतं. मराठी मला आवडलं हा नशिबाचा भाग. विचारलं कुणीच नव्हतं. तक्रार नाही, पण विचारलं असतं तर बरं वाटलं असतं, एवढंच.

गडहिंग्लजच्या भगिनींनी शेवटी विचारलंय, “निवड चुकली तर?” तर अगदीच आभाळ कोसळत नाही. पहिल्या वर्षानंतर शाखा बदलण्याची सोय पुष्कळ कॉलेजांत असते, मात्र ती गुणांवर आणि रिकाम्या जागांवर अवलंबून असते, तिच्या भरवशावर आधीच नको ती शाखा घेऊ नये. तुमच्या घरी मुलाला फिजिक्स हवंय आणि वडिलांना फार्मसी, असं लिहिलंय तुम्ही. एक करून पाहा. दोन्हींच्या पहिल्या वर्षाचा अभ्यासक्रम विद्यापीठाच्या संकेतस्थळावरून छापून घ्या आणि बापलेकांना एकाच वेळी वाचायला बसवा. फार्मसीत औषधी वनस्पती, रसायनं, शरीरशास्त्र किती आणि काय असतं हे पाहिल्याशिवाय दोघंही नुसत्या नावावर भांडताहेत, असं मला पत्रावरून वाटतं. आणि तुम्ही मधे पडू नका. चहा द्या आणि आत जा.

आमच्या दिरांचा रुसवा कसा निघाला, तेही सांगून टाकते. चौथ्या दिवशी सकाळी ते कुणाला न सांगता सांगलीला गेले, वसतिगृह बघून आले, येताना पोरीला एक टेस्टर आणि पक्कड घेऊन आले. ‘कामाला येईल’ एवढंच बोलले. पोरगी आता दुसऱ्या वर्षाला आहे. गणित जड जातंय म्हणते, पहिल्या सत्रात एक विषय राहिलाही होता, तो तिने पुढं काढला. सुट्टीला आली की घरातले सगळे पंखे उतरवून ठेवते, आणि सासूबाई कुरकुरत बसतात.

जाता जाता कागदपत्रांचं. उत्पन्नाचा दाखला, अधिवास, जातीचा दाखला, जात वैधता, नॉन-क्रिमिलेअर, जे जे आपल्याला लागू, ते निकालाची वाट न पाहता काढून ठेवा. जून-जुलैत सेतू केंद्रावर पाय ठेवायला जागा नसते. नॉन-क्रिमिलेअरवरची मुदत डोळ्यांनी वाचा, संपलेला दाखला घेऊन गेलं तर मुलगी खुल्या गटात जाऊन पडते. झेरॉक्सचे पाच संच करा. मूळ गुणपत्रिका कॉलेजने तपासून परत द्यायची असते, ठेवून घ्यायची नसते, हेही त्या २०१८ च्या नियमांतच आहे. कुणी ‘राहू दे आमच्याकडं’ म्हणालं तर नियम दाखवा.

वसतिगृहात जाणाऱ्या मुलीबरोबर महिनाभर टिकणारं काय काय द्यावं, असं बऱ्याच जणींनी विचारलंय. दाण्याची चटणी, मेतकूट आणि तूप कमी लागणारे लाडू यांची प्रमाणं पुढच्या अंकात देते.